तिपेडी

१

सकाळी आत्याचे केस विंचरायचे, मग हिरवळीतलं तण उपटायचं, मग आंघोळ उरकून कामाला पळायचं, असा त्या उन्हाळ्यात माझा क्रम होता. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. दिवसभर डोळे बारीक करून बसायचं काम. निदान सकाळी तरी हिरवं बघायला मिळेल, एवढ्या लोभानं आम्ही ते घर घेतलं होतं. घरापुढं हिरवळीचा तुकडा होता. आमच्या ओळीत तो सगळ्यांच्याच घरापुढं होता, आणि सगळ्यांचा अगदी सारख्या मापाचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, लग्न नाही, आवाज असा की समोरचा उठून उभाच राहील. आता तिची आठवण विरत चालली होती. कधी मला ओळखायची, कधी पाहुण्याकडे बघून हसावं तशी हसायची. संधिवातानं बोटं आखडली होती, गाऊनचं बटणसुद्धा तिला लावता येत नसे. केस मात्र पांढरेशुभ्र आणि कमरेखाली पोचणारे. लहानपणी ती माझी वेणी इतकी करकचून घालायची की डोळे कानांकडे ओढले जायचे. मला स्वतःला वेणी कधी जमलीच नाही. मी घातलेली वेणी शाळेच्या दारापर्यंतही टिकायची नाही. म्हणून मी आत्याचा आपला सैलसा अंबाडा बांधायचे. ती तो मनगटानं चाचपून "बरं, बरं" म्हणायची, एखाद्याच्या बेसूर गाण्याला म्हणावं तसं.

तणाची ओळख शेजारच्या मोजणीदारांनी करून दिली. ते जमिनी मोजायच्या खात्यातून निवृत्त झालेले, एकटे, आणि दुसऱ्यांच्या अंगणात काय चाललंय याबद्दल कमालीचे जागरूक. एका सकाळी कुंपणावरून वाकून ते म्हणाले, "ते पोपटी दिसतंय ना, ते तुमचं गवत नाही. खरं नाव मला ठाऊक नाही. मी त्याला लोचट म्हणतो."

लोचटाचे सगळे गुण त्यांनी सांगितले. आपलं गवत उन्हानं दमलं की हे डोकं वर काढतं. उभं वाढत नाही, चारी बाजूंना पसरतं, आणि जिथं त्याचा पेर मातीला टेकेल तिथं नवं मूळ धरतं. बी धरू द्यायचं नाही. एकदा सांडलं की वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. आदल्या संध्याकाळी पाणी द्यायचं आणि सकाळी खुरपं घालून मुळासकट काढायचं. मी तसं करू लागले. मला ते आवडतही होतं. ओल्या मातीतून मूळ सुटताना बारीकसा 'सुर्र' आवाज येतो, तो ऐकून काहीतरी काम पुरं झाल्यासारखं वाटतं.

मग एकदा कोपऱ्यातला एक झुबका काढला आणि हातात धरून बघतच राहिले. मुळं पांढरी, लांब आणि नाजूक होती. त्यांची वेणी घातलेली होती. तीन पेडांची, खालपर्यंत एकसारखी आणि घट्ट.

२

माझा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तारेचे दोर, त्यांचे ताण, त्यांचे पीळ हा त्याचा रोजचा विषय. मी तो झुबका वर्तमानपत्रावर ठेवून त्याच्यापुढं सरकवला. त्यानं चहाचा कप बाजूला ठेवून नीट पाहिलं आणि म्हणाला की यात काही विशेष नाही. मऊ, लांब गोष्ट चिंचोळ्या जागेतून वाढत गेली की तिला पीळ बसतोच. दोरांनासुद्धा बसतो.

मला हायसं वाटलं. मी झुबका उचलायला गेले, तर त्यानं हात आडवा घातला. टेस्टरच्या टोकानं तो मुळं उलगडत होता. उजवीकडचा पेड मधल्यावरून आत, डावीकडचा त्याच्यावरून आत. पुन्हा उजवीकडचा.

"पीळ आपोआप बसतो," तो म्हणाला. "वेणी घालावी लागते."

वर्तमानपत्राची गुंडाळी करून ती त्यानं घरातल्या डब्यात न टाकता बाहेरच्या कचऱ्यात नेऊन टाकली.

पुढच्या दिवसांत मी मुद्दाम पाहिलं. फाटकाजवळचं तण उपटलं तर मुळं साधी, विस्कटलेली निघायची. नळाजवळचीही तशीच. वेण्या निघायच्या त्या एकाच कोपऱ्यात, जिथं दुपारच्या सावलीत आत्याची खुर्ची असायची. सुरुवातीच्या वेण्या जरा ओबडधोबड होत्या. नंतरच्या सफाईदार होत गेल्या. कुणीतरी हात बसवत असावं, असं मनात आलं आणि मी ते मनातून झटकून टाकलं. भिंग घासताना काचेत केसाएवढी रेघ दिसते, पुसून बघितलं तर ती आपल्याच पापणीची सावली असते. दिसलं म्हणजे असतंच असं नाही, हे मी गिऱ्हाइकांना सारखं सांगत असते.

पण झुबके मी हातमोजे घालून उपटायला लागले होते.

३

दिवसा आत्याला सांभाळायला एक बाई यायच्या. शांत, टापटिपीच्या, ऐकायला थोडं कमी येणाऱ्या. दुपारी त्या आत्याला सावलीत खुर्चीवर बसवायच्या आणि पायरीवर विणकाम घेऊन बसायच्या. एका संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा आत्या अजून बाहेरच होती, आणि खुर्चीच्या पाठीवरून तिची वेणी खाली सोडलेली होती.

भांग सरळ. पेड एका जाडीचे. टोकाशी वेणी गवताच्या काडीनं बांधलेली. इतकी घट्ट की आत्याच्या कपाळावरच्या सुरकुत्या ओढून निघाल्या होत्या आणि ती एकदम तरुण दिसत होती.

मी बाईंना म्हटलं, वेणी छान घातलीत. त्या म्हणाल्या, "मी कुठं? ताई, मला वाटलं सकाळी तुम्हीच घातली." मी सकाळच्या अंबाड्याची आठवण दिली, तेव्हा त्यांनाही तो आठवला. त्या दिवसभर पायरीवरून हलल्या नव्हत्या; फक्त मधे जरा डोळा लागला असेल, एवढं त्यांनी कबूल केलं.

मी आत्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं, वेणी कोणी घातली. त्या दिवशी ती भानावर होती, मला नावानं हाक मारत होती. "मीच सांगितलं, घट्ट घाल म्हणून," ती म्हणाली. "तुझ्यासारखी घाबरत घाबरत नाही घालत ती."

"कोण ती?"

आत्यानं खाली, खुर्चीच्या मागच्या पायांकडे पाहिलं. तिथं लोचटाचा एक जुडगा आडवा पसरला होता. "हात गार आहेत तिचे," ती कौतुकानं म्हणाली. "पण दुखवत नाही हो."

म्हातारं माणूस काहीही बोलतं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की भास होतील, आणि भासांशी वाद घालायचा नाही. मी वाद घातला नाही. वेणी सोडवायला घेतली तर ती सुटेना. शेवटी सुईनं एकेक पेड मोकळा करावा लागला, आणि तेवढा वेळ आत्या लहान मुलीसारखी मुसमुसत राहिली.

त्यानंतर ती वेणी पुन्हापुन्हा दिसू लागली. रोज नाही, पण ज्या दुपारी बाईंचा डोळा लागायचा, त्या दुपारी नक्की. खरं सांगायचं तर त्या दिवसांत आत्या फार सुखात होती. पोटभर जेवायची, शांत झोपायची, जुन्या मैत्रिणींच्या नकला करून दाखवायची. नवरा म्हणाला, तिला बरं वाटतंय ना, मग राहू दे. मला त्याला एवढंच विचारावंसं वाटत होतं की राहू दे म्हणजे नेमकं काय राहू दे. विचारलं नाही.

४

मी औषधवाल्याला बोलावलं. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, बोलायला फटकळ. हिरवळ बघून तो म्हणाला की उगवायच्या आधी बोलवायला हवं होतं, आता उशीर झालाय. तरी मारतो औषध. सगळ्या खिडक्या बंद करून आम्ही आत बसलो. नोझलचा फस्स-फस्स आवाज घराभोवती फिरत राहिला. आत्या पलंगावर बसून तो आवाज ऐकत होती आणि दोन्ही मनगटांनी कान झाकत होती.

तण पिवळं पडलं, मग तांबूस, मग वाळून चुरगळलं. त्याच गतीनं आत्याही खंगत गेली. जेवण सोडलं. डोकं सारखं उशीवर घासू लागली. विंचरायला घेतलं की फणीत केसांचे पुंजके यायचे. डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी वय, उन्हाळा आणि अंगात कमी झालेलं रक्त अशी सगळी नेहमीची कारणं दिली, गोळ्या लिहून दिल्या. कारणं पटण्यासारखी होती. मीही ती घरी येऊन नवऱ्याला पटवून दिली.

आणि एका सकाळी पडदा सरकवला तर आत्याच्या खिडकीखाली, भिंतीला चिकटून, लोचटाची पोपटी किनार उगवली होती. हिरवळीत दुसरीकडे कुठंही नाही. फक्त तिथं, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मोजणीदार येऊन बघून गेले. बी मातीत होतंच, ते म्हणाले, आणि मग खाली बसून बराच वेळ भिंत आणि तण यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी एवढंच सुचवलं की काळं प्लास्टिक अंथरा, कडेनं विटा ठेवा, उन्हात आतल्या आत शिजून जाईल. प्लास्टिक त्यांनीच आणून दिलं आणि अंथरायलाही मदत केली. पण नेहमीसारखे चहाला थांबले नाहीत.

दुपारी प्लास्टिक तापून त्याचा वास आत्याच्या खोलीत भरायचा. एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्या उशाशी बसून होते. वारा पडला होता, पडदा हलत नव्हता. बाहेरून, खिडकीच्या खालून, आवाज येत होता. प्लास्टिक फडफडल्याचा म्हणावा तर तो नव्हता. लांबलचक, संथ, वरून खाली येणारा. मग थोडं थांबून पुन्हा वरून. मी तो ओळखला, पण बराच वेळ स्वतःला त्याचं नाव घेऊ दिलं नाही. दाट केसांतून फणी फिरते तेव्हा असा आवाज येतो.

आत्यानं त्या आवाजाबरोबर मान मागं कलती केली होती आणि डोळे मिटले होते.

५

मग एका दुपारी दुकानातली वीज गेली. यंत्र बंद, म्हणून मालकांनी लवकर सोडलं. घरी आले तर पुढचं दार सताड उघडं. बाई पायरीवर भिंतीला टेकून झोपलेल्या, मांडीवर विणकाम. आत्याचा पलंग रिकामा.

ती तिच्या खिडकीखाली होती. प्लास्टिकच्या एका टोकावरच्या विटा बाजूला ढकललेल्या होत्या. ज्या हातांना बटण लागत नव्हतं त्या हातांनी तिनं विटा कशा ढकलल्या, मला माहीत नाही. ती कुशीवर झोपली होती, गाल मातीला टेकलेला, उरलेले केस मागं पसरलेले. प्लास्टिकच्या उचललेल्या कडेखाली अंधार होता, आणि केस त्या अंधारात गेले होते.

मी चारपाच पावलांवर थांबले. उन्हानं सगळं लख्ख दिसत होतं. डोळ्यांना दोष द्यायला कुठंच जागा नव्हती. केसांचे तीन भाग झाले होते. उजवीकडचा भाग जमिनीपासून जरासा उचलला गेला, मधल्यावरून गेला आणि खाली ठेवला गेला. मग डावीकडचा. घाई अजिबात नाही. प्रत्येक पेड ठेवल्यावर तो एकदा हलकेच खाली ओढून घट्ट केला जात होता, आणि आत्याचं डोकं त्या ओढीबरोबर किंचित हलत होतं. पेड ज्यानं धरले होते ते मला पोपटी काड्यांसारखं दिसलं. काड्या होत्या असं मी म्हणते. त्यांच्यामागं अंधारात, मातीच्या पातळीवर, काहीतरी फिकट होतं, आणि ते आत्याच्या मानेकडे वाकून, मन लावून बघत होतं.

मी धावले. आत्याच्या काखेत हात घालून तिला उचलू लागले, तर डोकं वर येईना. वेणी सरळ मातीत उतरली होती. मी ओढलं तशी खालून ओढ आली. हिसका नव्हता तो. चुळबुळ करणाऱ्या पोराला वेणी घालताना मागं ओढतात ना, तितपतच, रागाशिवाय.

आत्यानं डोळे उघडले. "ओढू नकोस गं," ती म्हणाली. "अजून पुरी नाही झाली."

माझ्या ओरडण्यानं बाई जाग्या झाल्या आणि विणकामाची कात्री घेऊन आल्या. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी मानेपाशी कात्री चालवली. आत्या ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. शेवटचा पेड तुटला तेव्हा ती माझ्या अंगावर कोसळली, इतकी हलकी की जणू कपडेच आहेत. आणि मातीतून वर उरलेलं वेणीचं टोक सावकाश, वाया न घालवता काही ठेवून द्यावं तसं, खाली गेलं.

६

नवऱ्यानं आणि मोजणीदारांनी तिथं कमरेएवढं खणलं. माती, गांडुळं, लोचटाची तुटकी मुळं. केस नव्हते. एवढे लांब पांढरे केस, त्यातला एकही नाही. मोजणीदार खड्ड्यातून वर आले, हात धुतले, आणि त्यानंतर आमच्या कुंपणापाशी फारसे दिसले नाहीत. बाईंनी कामाला येणं थांबवलं. आम्ही सगळी हिरवळ काढून टाकली, खडी दाबली आणि वर फरशी बसवून घेतली. गवंडी फार नीट काम करणारा होता. सांध्यात नख जाणार नाही अशी फरशी.

मी दुकानातून रजा घेतली. आत्या बोलायची बंद झाली होती. चमच्यानं भरवलेलं तोंडात तसंच राहायचं. केस कापलेल्या डोक्यानं ती लहान पोरासारखी दिसायची आणि दिवसभर खिडकीतून फरशीकडे बघत बसायची. मला वाटलं होतं, विसरेल. सगळंच तर विसरत होती. नेमकं हेच विसरली नाही. डॉक्टर म्हणाले, आता फार ताणू नका, तिच्या मनासारखं करा.

मनासारखं म्हणजे काय ते फक्त मला माहीत होतं.

नवरा कामाला गेला होता. मी पहार घेतली आणि खिडकीखालची एक फरशी उचकटली. एका फरशीसाठी घामाघूम झाले. खडी हातानं बाजूला केली. खाली ओल होती, उन्हाळा सरत आला होता तरी. आत्याला उचलून आणलं, खुर्चीत बसवलं आणि खुर्ची त्या चौकोनाशी आणून ठेवली. तिनं खाली पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग तिनं स्वतःच्या आखूड केसांवरून मनगट फिरवलं आणि खिन्नपणे मान हलवली.

"आता कुठं आहेत केस," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. मी तिच्या पुढ्यात जमिनीवरच बसले, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. तेव्हा माझ्या पाठीशी तो उघडा चौकोन आहे, हे ध्यानात आलं नव्हतं. आत्या माझ्या डोक्यावरून मनगट फिरवत राहिली. पिन निसटली आणि माझे केस पाठीवर मोकळे झाले.

"तुझे आहेत की," ती म्हणाली.

मी तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले, घट्ट धरले. दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते, वाकडी बोटं, निळ्या शिरा, सगळं स्पष्ट. डोक्याच्या मागं भांग पडला. वरपासून खालपर्यंत, नखानं पाडावा तसा सरळ. मग केस तीन ठिकाणी धरले गेले.

मला उठता आलं असतं. अजून काही घट्ट झालं नव्हतं. पण आत्या इतकी आनंदी दिसत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून मागं, जरा खाली बघत होती, आणि एखाद्या शिकाऊ मुलीला समजवावं तशा तिच्या त्या जुन्या, भारदस्त आवाजात सांगत होती, "हिचे केस मऊ आहेत, सुटतात. अगदी मुळापासून घट्ट घे."